मोरपंखी हिरवी का निळी : प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार

आज नवरात्रातला हिरवा. सोसायटीच्या बायकांचा फोटो सकाळी साडेआठला गेटपाशी, आई तिची मोरपंखी सिल्क नेसून आठपासून तयार, आणि खाली गेल्या गेल्या तिघीजणी एकदम, "काकू, आज हिरवा आहे हो, निळा बुधवारी." आई म्हणाली ही हिरवीच आहे. मग जे सुरू झालं ते पाऊण तास. चौथ्या मजल्यावरच्या मावशी एकट्या आईच्या बाजूने, बाकी सगळ्या निळी निळी, आणि फोटो काढायला उभा केलेला वॉचमन म्हणतो मला तर दोन्ही दिसतंय. आई वर आली ती गप्पच. चहा झाल्यावर म्हणाली, "तुमचे सगळ्यांचे डोळे मोबाईल बघून बघून गेलेत."

मला ती निळी दिसते. आईसमोर बोलले नाही.

लेक आठवीत आहे, तिला डिसेंबरात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला काहीतरी द्यायचंय आणि सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी घरात होणार नाही हे मी आधीच सांगून ठेवलंय. तर ती म्हणाली हेच करू, सगळ्यांना रंग सारखेच दिसतात का. मी पण हो म्हणून बसले. नोंदी मी टाइप करणार, प्रयोग ती करणार असं ठरलंय. बघू किती दिवस टिकतं.

६ ऑक्टोबर, रविवार

फोन बाद. काल लेकीने फोनवर निळ्यापासून हिरव्यापर्यंत चौकोनांची पट्टी बनवून मला पाठवली, तर सहावा चौकोन तिच्याकडे हिरवट आणि माझ्याकडे चक्क निळा, म्हणजे माणसांच्या आधी फोनांचीच तुलना करत बसावं लागलं असतं. २०१५ साली तो एका ड्रेसचा फोटो फिरला होता ना, स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा लग्नात घातलेल्या ड्रेसचा, कुणाला निळा-काळा दिसायचा कुणाला पांढरा-सोनेरी, तेव्हा आमच्या ऑफिसात सगळे एकाच स्क्रीनसमोर उभे राहून भांडत होते, म्हणजे तिथे दोष स्क्रीनचा नव्हता. फोटोत उजेड कसला आहे हे प्रत्येकाचा मेंदू आपापलं धरून चालतो. ड्रेस सावलीत आहे असं धरलं तर पांढरा, पिवळ्या दिव्याखाली आहे असं धरलं तर निळा. खरा ड्रेस निळा-काळाच होता.

मग साडी पिशवीत घालून तुळशीबागेजवळच्या मॅचिंग सेंटरला गेलो. नवरात्रातला रविवार, पाय ठेवायला जागा नाही, सगळ्यांना अस्तर आणि फॉल आत्ताच हवा. काउंटरवरच्या काकांना सांगितलं की शिवायचं काही नाहीये, निळ्यापासून हिरव्यापर्यंत दोऱ्याची बारा रिळं द्या, एकापेक्षा दुसरं जरासंच वेगळं. ते काहीही न विचारता शेड कार्ड उघडून बोट फिरवत गेले आणि पाच मिनिटांत बारा रिळं समोर. साडी कितव्या नंबरला लागते विचारलं तर पदर धरून थेट फुटपाथवर गेले. "ट्यूबखाली मॅचिंग करायचं नाही ताई, घरी गेलात की ब्लाउजपीस परत आणाल." बाहेर उन्हात धरून म्हणाले सहा नंबर. मी विचारलं ही हिरवी का निळी. ते म्हणाले, "मोरपंखी मागितली की मोरपंखी देतो. हिरवी मागणाऱ्याला आम्ही ही दाखवतच नाही."

जाता जाता नवऱ्याच्या पँटसाठी खाकी रीळ घेतलं. घरी आल्यावर शिवणाच्या डब्यात आधीच एक खाकी निघालं, दुसऱ्या कंपनीचं, तंतोतंत तेच. वीस रुपये गेले.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

तोरण करता करता लेकीला जॉन लॉक सांगितला, जुना इंग्रज तत्त्वज्ञ. त्याने १६९० च्या पुस्तकात हाच प्रश्न घातलाय आणि योगायोग बघा, त्यातही झेंडूच आहे. एका माणसाला जांभळं व्हायोलेट फूल बघून जे दिसतं तेच दुसऱ्याला झेंडू बघून दिसत असेल आणि उलट, तर? दोघंही लहानपणापासून झेंडूला केशरीच म्हणायला शिकलेले, बाजारातनं झेंडूच आणणार, कुणाला कधी पत्ता लागणार नाही. लॉकचं स्वतःचं मत होतं की बहुतेक सगळ्यांना जवळजवळ सारखंच दिसत असावं, पण सिद्ध कसं करणार.

लेक म्हणाली मग प्रोजेक्ट संपलाच की. मग दोन मिनिटांनी सुईत झेंडू ओवता ओवता, "पण आई, केशरी उजळ असतो आणि जांभळा गडद. अदलाबदल झाली असेल तर त्या माणसाला तोरण गडद दिसेल, आणि तो कधी ना कधी तसं बोलेलच की." हे मला सुचलं नव्हतं. म्हणजे रंगांची अदलाबदल करायची तर उजळपणाही सांभाळावा लागतो, कुठलाही रंग कुठेही नेऊन बसवता येत नाही.

तरी पूर्ण उत्तर नाही हे. पण आठवीतल्या पोरीला तेवढं पुरे.

२० ऑक्टोबर, रविवार

रिळांचा प्रयोग झाला. गॅलरीत सकाळी दहाचा उजेड, खाली पांढरा टॉवेल, रिळांच्या बुडाला नंबरचे स्टिकर, १ सगळ्यात निळं आणि १२ सगळ्यात हिरवं. दोन कामं द्यायची. आधी विस्कटलेली रिळं क्रमाने लावा. मग सांगा निळा कितव्या रिळापर्यंत.

पहिले तीन जण वाया गेले कारण लेकीच्या लक्षात आलं की निळ्याकडून मोजत आणलं तर माणूस निळा निळा म्हणत पुढेपर्यंत जातो आणि हिरव्याकडून मागे आणलं की तोच माणूस हिरवा हिरवा म्हणत मागेपर्यंत येतो. मग दोन्हीकडून विचारायचं आणि मधलं धरायचं असं ठरलं. त्या तिघांना परत बोलावलं, दुसऱ्यांदा पोहे करावे लागले.

क्रम लावताना जवळजवळ कुणीच चुकलं नाही, फार तर शेजारशेजारची दोन रिळं उलटी. पण निळा कुठे संपतो? मी ७. नवरा ६. वॉचमन ६. चौथ्या मजल्यावरच्या मावशी ५. आई ४. वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर पोरगा ८ वर ठाम. आणि साडी ६ वर, म्हणजे भांडण होणारच होतं.

मग लेकीला म्हणलं आता मोरपंखी हा शब्द पण चालेल असं सांगून विचार. नवरा सोडून सगळ्यांनी सहा नंबरला मोरपंखी म्हणलं, आईसकट. तिसरा शब्द दिला की भांडण संपलं. मॅचिंग सेंटरवाले काका हे रोज करत असणार.

म्हणजे निम्मा वाद डोळ्यांचा नाहीच, खोक्यांचा आहे, कुठली वस्तू कुठल्या नावाच्या खोक्यात टाकायची. जपानमध्ये सिग्नलच्या हिरव्या दिव्याला आओ म्हणतात, म्हणजे निळा, आणि गाड्या बरोबर सुटतात. रशियनमध्ये गडद निळा सीनी आणि फिका निळा गलुबोय असे दोन वेगळे साधे शब्द आहेत, आपल्या लाल आणि गुलाबीसारखे. २००७ साली एका प्रयोगात दिसलं की दोन निळे ह्या दोन खोक्यांत पडत असतील तर रशियन बोलणारे ते जरा लवकर ओळखतात, आणि त्याच वेळी मनात आकडे पाठ करायला लावले की तो फायदा जातो, म्हणजे शब्द आत मदत करत असतो. पण हा फरक सेकंदाच्या बारक्या भागाचा आहे. शब्द नसला तर रंगच दिसत नाही असं जे लोक छातीठोक सांगत फिरतात ते मला पटत नाही. माझी आजी लालला तांबडंच म्हणायची, तिला कुंकू काही वेगळं दिसत नव्हतं.

(नवऱ्याला मोरपंखीचा फरकच कळत नाही म्हणे, "निळा म्हणजे निळा". तो बाद नाही, तो पण डेटा आहे.)

२७ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची साफसफाई, प्रयोग बंद. फक्त एक वाचलं ते लिहून ठेवते. डोळ्याच्या पडद्यावर रंगाच्या शंकुपेशी तीन जातींच्या, लांब, मध्यम आणि आखूड तरंगलांबीच्या. त्यांना लाल-हिरवी-निळी म्हणतात पण ते तितकंसं खरं नाही, लांब आणि मध्यम ह्या दोघींचे पट्टे एकमेकींवर बरेच चढलेले असतात. २००५ साली जिवंत माणसांच्या डोळ्यांतल्या ह्या पेशी खास कॅमेऱ्याने मोजल्या तर नॉर्मल नजरेच्या पुरुषांत कुणाकडे मध्यम आणि लांब जवळजवळ बरोबरीने, १ ला १.१, आणि कुणाकडे एका मध्यमला साडेसोळा लांब. इतका फरक! आणि तरी शुद्ध पिवळा कुठला, ना लालसर ना हिरवट, असं विचारलं तर सगळे जवळपास त्याच जागी बोट ठेवतात. आत कच्चा माल इतका वेगळा असून बाहेर उत्तर सारखं, म्हणजे मध्ये कुणीतरी हिशेब जुळवतंय. आयुष्यभर डोळ्यासमोर येणाऱ्या उजेडाची सरासरी काढून मेंदू आपला काटा शून्यावर आणत असावा असं मानतात.

हे वाचून मी फराळाची चकली जाळली.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

दादा नाशिकहून आला. त्याचे रंग कच्चे आहेत हे घरात सगळ्यांना माहीत. लहानपणी कच्ची केळी आणि पिकलेली केळी दाबून बघायचा, आजही चार्जरचा दिवा लाल का हिरवा हे वहिनीला विचारतो. कॉलेज झाल्यावर एका सरकारी नोकरीच्या मेडिकलला रंगांची नजर तपासायचं ठिपक्यांचं पुस्तक समोर ठेवलं, इशिहारांचं, १९१७ पासून जगभर तेच चालतं, आणि तिथेच घरी पाठवलं. त्यावर तो फारसं बोलत नाही. आता काळ जरा बदललाय, २०२० पासून आपल्याकडे सौम्य किंवा मध्यम रंगदोष असला तरी ड्रायव्हिंग लायसन्स मिळतं, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला सांगितलं की रंग ओळखता येत नाहीत म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. दादाला हे सांगितलं तर म्हणाला आता पन्नाशीत मी काय सिनेमा काढू.

ओवाळून झालं, जेवणं झाली, लेकीने रिळं काढली. निळी-हिरवी दादाने व्यवस्थित लावली, आम्हाला वाटलं होतं गडबड करेल. (नंतर कळलं, त्याचा घोळ लाल-हिरव्याच्या रस्त्यावर, निळ्या-हिरव्याच्या नाही, म्हणजे आमची अपेक्षाच चुकीची.) मग शिवणाचा डबा बघून म्हणाला, "हे दोन खाकी वेगवेगळे कशाला घेतलेस?"

मी म्हणलं एकच आहेत. तो म्हणाला एक नाहीत. आई, मी, नवरा, लेक, वहिनी, पाच जणांनी गॅलरीत जाऊन उन्हात बघितलं, एकच. तो हसायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं असेल की रंगावरून तो ठाम आणि आम्ही सगळे वेड्यासारखे बघतोय.

लेकीला खुमखुमी. तिने दोन सारख्या पुठ्ठ्यांवर दोन्ही दोरे गुंडाळले, मागे अ आणि ब लिहिलं, मामाला पाठ करून बसवला, नाणं उडवून एक पुठ्ठा निवडायचा, दाखवायचा, अ का ब. दहापैकी दहा. परत केलं. परत दहा. मग मला बसवलं, दहापैकी चार. वहिनी सहा. दादा म्हणाला, "एक हिरवट आहे, एक मळकट, तुम्हाला खरंच दिसत नाही?" हेच वाक्य आम्ही त्याला चाळीस वर्षं ऐकवलंय.

रात्री शोधत बसले तर हे जुळतंय. दादाच्या डोळ्यात मध्यम जातीची पेशी आहे, पण तिचा पट्टा लांबकडे सरकलेला. दोन कंपन्यांचे रंग वेगळे, त्यांच्यावरून परत येणारा उजेड वेगळा, पण आपल्या तिन्ही पेशींना दोघांकडून बेरीज तीच मिळते म्हणून आपल्याला एकच खाकी. त्याची एक पेशी भलत्या ठिकाणी मोजते, तिची बेरीज जुळत नाही. २००५ साली इंग्लंडात हेच तपासून झालंय, नॉर्मल माणसांना सारख्या वाटणाऱ्या खाकी छटा अशा लोकांना वेगवेगळ्या दिसल्या. मॅचिंगवाल्या काकांनी फुटपाथवर नेलं त्याचंही कारण हेच, उजेड बदलला की बेरीज बदलते. आमच्या बेडरूमच्या एलईडीखाली ती दोन रिळं मलाही किंचित वेगळी वाटली.

शास्त्रज्ञ जॉन डाल्टनलाही असाच दोष होता आणि त्याच्या भावालाही. १७९४ मध्ये त्याने त्यावर निबंध वाचला, त्याला वाटायचं आपल्या डोळ्यातलं पाणीच निळं आहे म्हणून सांगून ठेवलं, मेल्यावर डोळा फोडून बघा. १८४४ मध्ये बघितलं, पाणी स्वच्छ. डोळा जपून ठेवलेला होता, १९९५ मध्ये त्याचा डीएनए काढला तर मध्यम पेशीचं जनुकच गायब. दादाला सांगितलं. म्हणाला, माझे डोळे काढायची घाई करू नका.

१० नोव्हेंबर, रविवार

ही जनुकं एक्स गुणसूत्रावर, मुलाला एक्स आईकडून मिळतो, म्हणजे दादाचा गुण आईतून आला. आईकडे दुसरा एक्स चांगला म्हणून तिला त्रास नाही. आता गंमत अशी की अशा बाईच्या डोळ्यात कधीकधी चार जातीच्या पेशी असू शकतात. लेक एकदम, "म्हणजे आजीला जास्त रंग दिसतात!" धीर धर म्हणलं. न्यूकॅसलमध्ये २०१० साली अशा २४ बायका तपासल्या, त्यातली एकच खरोखर चौथ्या पेशीचा उपयोग करताना सापडली. आईला खाकी पुठ्ठे दाखवले, दहापैकी पाच. आणि तसंही तिला मोतीबिंदू आहे.

ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर १९ ला म्हणत होते, आई म्हणाली २० ला मतदान आहे, ते झाल्यावर. २२ ला उजवा डोळा.

२३ नोव्हेंबर, शनिवार

काल ऑपरेशन झालं, आज सकाळी पट्टी काढली. डॉक्टरांना मी आधीच विचारलेलं, भिंग बिनरंगाचं बसवलंय, काही भिंगं मुद्दाम पिवळसर येतात, हे तसं नाही.

घरी आलो तर टीव्हीवर निकाल, नवरा त्यात गढलेला. आई खुर्चीत बसून एकदा हा डोळा झाकते एकदा तो. मग बोटावरची मतदानाची शाई धरून बघत बसली. "अगं, ह्या डोळ्याने जांभळी आहे. आणि ह्याने नुसती काळी." बनियन, बेसिन, दुधाची पिशवी, सगळ्याला तिने एक एक डोळा लावून बघितलं. जुन्या डोळ्याने सगळं चहा सांडल्यासारखं, नव्याने इतकं पांढरं की निळसर. ती म्हणाली, "इतकी वर्षं मी ह्या पिवळ्यातून बघत होते? मला तर पांढरं पांढरंच दिसायचं."

डोळ्याचं नैसर्गिक भिंग वयाबरोबर पिवळं पडतं आणि निळा उजेड गाळतं. इतकं हळू की मेंदू रोज थोडं थोडं सावरून घेतो, आणि पांढरं पांढरंच राहतं.

मी कपाटातनं साडी आणली. डावा डोळा, हिरवी. उजवा डोळा, आणि आई थांबली. "निळी आहे की गं ही."

मी काही बोलले नाही. लेक मात्र नाचली.

लॉकचा प्रश्न दोन माणसांचा होता आणि दोन माणसांच्या मध्ये उभं राहून बघायला कुणी नसतं. इथे दोन डोळे आणि बघणारी एकच. आत्ता ह्या घरात दोन नजरांची तुलना करू शकणारी एकटी आई आहे, आणि डॉक्टरांनी तिला चार दिवस वाकू नका आणि वाद घालू नका असं सांगितलंय.

१ डिसेंबर, रविवार

रिळं, एका वेळी एक डोळा. जुना डोळा ४, नवा डोळा ७. खाकी, नव्या डोळ्याने दहापैकी सात. लेक उड्या मारायला लागली. तिला कागदावर मांडायला लावलं, डोळे मिटून अंदाजाने सांगितलं तरी साधारण सहा वेळांतून एकदा सात किंवा जास्त बरोबर येतात. परत करायला आई तयार नाही. "मला खाकीत काही रस नाही."

१४ डिसेंबर, शनिवार

प्रदर्शन झालं. टेबलावर रिळं, पुठ्ठे, आजीच्या दोन डोळ्यांचा तक्ता. परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे निष्कर्ष काय, सारखे दिसतात का नाही?" लेक म्हणाली क्रम सारखा, नावाची हद्द वेगळी, मामाची पेशी वेगळी, आजीचं भिंग वेगळं, आणि आत कसं वाटतं ते मला मोजता आलं नाही. परीक्षक म्हणाले शेवटचं वाक्य तक्त्यावरून काढ. दुसरं बक्षीस. पहिलं ठिबक सिंचनाला.

१९ जानेवारी २०२५, रविवार

आईचा डावा डोळा १० तारखेला झाला. आता दोन्हीकडे स्वच्छ भिंग, रिळांवर दोन्ही डोळे ७. डोळे आळीपाळीने झाकायची सवय अजून आहे पण म्हणते आता मजा नाही, दोन्ही सारखेच.

२ मार्च, रविवार

आज सहज रिळं काढली. आई ६. परत विचारलं, ५ का ६ ह्यात घुटमळली. बनियन निळसर दिसतंय का म्हणून विचारलं तर म्हणाली कुठे, पांढरं तर आहे. हे पण वाचलेलं, २००४ सालचं काम आहे, ऑपरेशननंतर पांढऱ्याची जागा सरकते आणि मग पुढचे काही महिने हळूहळू मागे, जुन्या ठिकाणाकडे येत राहते. काटा परत शून्यावर. नोव्हेंबरात जे तिला दिसलं होतं ते आता तिलाही नीट आठवत नाही. "मी निळी म्हणाले होते?" नोंद आहे म्हणून तिला दाखवता आली.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

यंदा गुढीला मोरपंखीच नेसवली, आईचाच हट्ट. गॅलरीत ऊन सरळ तिच्यावर. खालून वॉचमन ओरडला, "काकू, निळी गुढी मस्त दिसतेय!" आई कठड्यावरून वाकून, "हिरवी आहे रे!" मी आत श्रीखंड वाटीत काढत होते, बाहेर गेले नाही.

दुपारी शिवणाचा डबा आवरला. बारा रिळांचे नंबर काढून टाकले, दोरे वापरात येतील. खाकी दोघांवरचे अ आणि ब तसेच ठेवलेत, ते निघाले तर दादा परत येईपर्यंत कुठलं कुठलं ते घरात कुणालाच सांगता येणार नाही.